कै. रे. नारायण वामन टिळक : संतापापासून सौम्यतेकडे

आपल्या मंडळ्यांमध्ये रे. टिळकांचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. रविवारच्या उपासनेत त्यांची गीते गाइली जातात, सणावारी त्यांच्या भजनांवर टाळ वाजतात, आणि अक्षरओळख नसलेल्या आमच्या वृद्ध भगिनींनाही त्यांची पदे मुखोद्गत असतात. कवी म्हणून, भक्त म्हणून, ख्रिस्ताच्या सेवेस आपले सर्वस्व वाहिलेला देशबंधू म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु या महापुरुषाच्या आयुष्यात एक दीर्घ युद्ध चालले होते, आणि ते व्यासपीठावर नव्हे तर घराच्या उंबऱ्याच्या आत चालले होते, ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. आज आम्ही त्या युद्धाविषयी लिहिणार आहो. कारण तेच युद्ध या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत आजही चालू आहे, आणि पुष्कळ पुरुष त्यात रोज हरत आहेत.

टिळकांचा जन्म १८६१ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. ते कडक शिस्तीचे व अत्यंत तापट स्वभावाचे गृहस्थ होते. आई जानकीबाई ही तितकीच कोमल, भक्तिशील व काव्याची आवड असलेली स्त्री होती. पतीच्या क्रोधाची झळ तिला सोसावी लागे, आणि हे सर्व लहान नारायण डोळ्यांनी पाही. त्याचा सर्व ओढा आईकडे होता. मुलगा साधारण अकरा वर्षांचा असता ती वारली, आणि त्याबरोबर त्याचे घरच नाहीसे झाले. बाप होता, छप्पर होते, परंतु ज्यास घर म्हणावे ते राहिले नाही. पुढे लवकरच तो बाहेर पडला व नाशिकास आला. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्या कृपेने त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले. बुद्धी तीक्ष्ण होती, वाणी गोड होती, आणि कवित्वाचा झरा आईकडून आलेला होता.

परंतु मुलास आईकडून एक वारसा मिळाला तसा बापाकडूनही एक मिळाला होता. ज्या क्रोधाने आपल्या आईचे जीवन कष्टी केले त्याचा या मुलास मनापासून तिटकारा होता, तरी तोच क्रोध त्याच्या अंगी उतरला. वाचकहो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बाप दारू पिऊन आईस मारतो, मुलगा कोपऱ्यात बसून दात-ओठ खातो, मोठा झाल्यावर आपण असे कधी करणार नाही अशी शपथ वाहतो. आणि वीस वर्षांनी त्याच घरात, त्याच चुलीपुढे, तोच प्रकार घडतो. हात मात्र मुलाचा असतो. असे आमच्या खेड्यांत किती वेळा घडले आहे! केवळ तिटकाऱ्याने वाईट सवय जात नाही. तिच्या जागी दुसरे काही यावे लागते. टिळकांच्या बाबतीत ते कसे आले, हीच आमच्या लेखाची हकीकत आहे.

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली. नवरी अवघी अकरा वर्षांची, आणि नवराही विशीच्या आतला. त्यानंतरची कित्येक वर्षे या संसाराला स्थैर्य असे नव्हतेच. टिळक आज एका गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी पुराणिक. आज कोणाच्या पदरी पंडित, तर उद्या कोणतेच काम नाही. मन रमले नाही की नोकरी सोडावी आणि चालू लागावे. कधीकधी घरात कोणास न सांगता ते निघून जात, आणि पत्नीने माहेरी किंवा सासरच्या आप्तांकडे त्यांची वाट पाहत बसावे. हातात आलेला पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंतास ते खिशात असेल ते देऊन टाकीत, आणि घरात दाणा आहे की नाही याचे भान त्यांना राहत नसे. औदार्य हा मोठा सद्गुण खरा. परंतु पैसा व्यसनात जावो की अविचारी दानात जावो, घरची चूल दोन्ही प्रकारांनी थंडच राहते, हेही तितकेच खरे. त्यातच त्यांचा संताप. तो वळवाच्या पावसासारखा एकाएकी येई, व तसाच ओसरून जाई. मग त्यांना फार पश्चात्ताप होई. परंतु मध्यंतरी जे सोसायचे ते पत्नीने सोसलेले असे. दुःखेही थोडी नव्हती. त्यांची काही अपत्ये बालपणीच वारली, आणि प्रत्येक वेळी हा भावनाप्रधान पुरुष अधिकच अस्वस्थ झाला.

टिळकांस दारूचे व्यसन नव्हते. तरीही दारूबाज मनुष्याच्या घरात आणि त्यांच्या त्या काळच्या घरात आम्हास एक मोठे साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी घरच्या माणसांना उद्याचा भरवसा नाही. दोन्ही ठिकाणी दोष घडल्यावर अश्रू आहेत, आणि अश्रूंनंतर पुन्हा दोष आहे. ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो घराचा धनी म्हणवतो, परंतु वस्तुतः तो एका क्रूर धन्याचा चाकर असतो. मग त्या धन्याचे नाव दारू असो, जुगार असो, की संताप असो.

नागपूर येथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास असता टिळकांनी विद्वान म्हणून चांगला लौकिक मिळविला. परंतु मनाची तळमळ शमली नाही. आपल्या देशबंधूंचे कल्याण कोणत्या धर्माने होईल, मनुष्यामनुष्यांतील उच्चनीच भाव कसा जाईल, हे विचार त्यांस स्वस्थ बसू देईनात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास रेल्वेने जात असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. दोघांचे काव्यावर व धर्मावर मोठ्या प्रेमाने बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी वाचावयास आरंभ केला तो केवळ दिलेल्या वचनास जागण्यासाठी. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि तेथून त्यांचा पाय निघेना.

हे प्रवचनच त्यांच्या हृदयात का शिरले याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. त्यात प्रभू क्रोधाविषयी बोलतो. खून करणाऱ्याबरोबर तो आपल्या भावावर रागावणाऱ्यासही न्यायासनापुढे उभे करतो. नम्रांस तो धन्य म्हणतो. ज्या पुरुषाने लहानपणी क्रोधाने आपले घर मोडताना पाहिले, आणि मोठेपणी तोच क्रोध स्वतःच्या छातीत पाहिला, त्याला ही वचने केवढी आरपार गेली असतील! तेथे त्यास एक असा पुरुष भेटला की ज्याच्या अंगी सामर्थ्य होते, तरी त्याने ते दुबळ्यांवर कधी चालविले नाही; जो मित्राच्या थडग्यापाशी रडला, आणि ज्याने सेवकाप्रमाणे कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पुरुषार्थाचा असा नमुना त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. रेल्वेतील त्या भेटीस तेव्हा दोन वर्षे होत आली होती. परंतु त्यांच्या घरावर मात्र आकाश कोसळले. लक्ष्मीबाई तेव्हा आप्तांकडे होत्या. पती बाटला ही वार्ता त्यांस मरणाहून कठीण वाटली. पुढील काही वर्षे त्यांनी पंढरपूर, नाशिक वगैरे ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने दुःखात काढली. इकडे टिळक अहमदनगरास आले, आणि डॉ. ह्यूम यांच्या हाताखाली तेथील ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले.

ही ताटातूट म्हणजे टिळकांच्या पुरुषत्वाची खरी परीक्षा होती. १८६६ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतरामुळे पत्नी सोडून गेल्यास ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास न्यायालयाकडून विवाह मोडून घेऊन दुसरा विवाह करण्याची मुभा होती. टिळकांनी तो मार्ग धरिला नाही. पत्नीस बळजबरीने ओढून आणण्याचाही प्रयत्न त्यांनी केला नाही. पूर्वी ज्या पुरुषास चार महिने एका जागी धीर निघत नसे, तो आता वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला. पूर्वी ते घर सोडून जात व पत्नी वाट पाही. आता पत्नी दूर होती व वाट पाहणे त्यांच्या वाट्यास आले. आम्हास वाटते की, ज्या शाळेत ते शिकवीत होते तीहून ही शाळा मोठी होती, आणि तीत ते विद्यार्थी होते.

शेवटी लक्ष्मीबाई आपल्या लहान दत्तूस घेऊन नगरास पतीकडे आल्या, परंतु आपला धर्म व आपले सोवळे घेऊन आल्या. स्वयंपाकपाणी निराळे, शिवाशीव निराळी. टिळकांनी त्या सोवळ्यास बळाने हात लावला नाही. तिच्या मनाची खात्री तिच्याच विचाराने पटू दिली. काही काळाने, जातिभेद हा देवाने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे असे त्या माउलीच्या मनात आपोआप उजाडले, आणि तिने सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. पती म्हणून टिळकांनी मिळविलेल्या विजयांत हा आम्हास सर्वांत मोठा वाटतो, कारण तो त्यांनी हुकमाने मिळविला नाही.

मग टिळक बाप्तिस्मा होताच शांत झाले काय? नाही. हे स्पष्ट सांगणे आम्हास अगत्याचे वाटते. पाण्यातून बाहेर येताच स्वभाव पालटतो अशी आशा धरून कित्येक नवे बंधू पुढे निराश होतात, आणि कित्येक उपदेशकही त्यांच्याविषयी निराश होतात. टिळकांचा संताप पुढेही अधूनमधून उसळे; पैशाचा हिशेब त्यांना कधीच साधला नाही; मन एका कामावरून दुसऱ्यावर धाव घेई. परंतु क्रोध हा आता घराचा राजा राहिला नव्हता. त्याच्यावर दुसरा राजा आला होता. उसळलेला संताप ओसरल्यावर बायकोपुढे, मुलापुढे मान लववण्यास त्यांना लाज वाटत नसे. वर्षे जात गेली तसतशी भडक्याची जागा कोमलतेने घेतली. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांत सौम्यता व इंद्रियदमन ही शेवटी सांगितली आहेत. झाडास फळ एका रात्रीत येत नाही, आणि ही दोन तर बहुधा सर्वांत उशिरा पिकतात.

ती पिकली याची खूण त्यांच्या घरात दिसू लागली. १८९६ व १८९९ या सालांच्या दुष्काळांनी हा जिल्हा होरपळून निघाला, व त्या काळात अनाथ झालेली कित्येक मुले मिशनच्या आश्रयास आली. टिळकांच्या घराचे दार अशा पोरक्यांना नेहमी उघडे असे. ब्राह्मण पंडित म्हणून वाढलेला हा पुरुष महार-मांग बंधूंच्या वस्त्यांतून जमिनीवर बसून भजन करू लागला. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि राहुरीच्या बाजूस त्यांनी काही वर्षे सेवा केली. कीर्तनाच्या आपल्या देशी पद्धतीने शुभवर्तमान सांगण्याचा प्रघात त्यांनी दृढ केला. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले.

त्याच सुमारास त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक तरुण त्यांच्या घरी पुत्राप्रमाणे राहत असे. हाच महाराष्ट्राचा लाडका बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात तो प्रसिद्धीस आला. तो अतिशय हळव्या मनाचा होता, व टिळक त्यास पित्याच्या ठिकाणी झाले. ज्याला स्वतःच्या पित्याकडून माया मिळाली नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलास ती दिली. वारशाची साखळी अशी तुटते.

आणखी एक गोष्ट. टिळकांनी फुलांवर, मुलांवर, पत्नीवर कविता लिहिल्या. ‘बापाचे अश्रू’ हे त्यांच्या एका कवितेचे नाव आहे. पुरुषाने रडू नये, पुरुषाने मन मोकळे करू नये, दुःख झाले तर ते गिळावे, अशी आपल्यात जुनी समजूत आहे. परंतु गिळलेले दुःख पोटात राहत नाही. ते एक तर हाताच्या वाटेने बायकोमुलांवर बाहेर पडते, नाही तर बुडविण्यासाठी गुत्त्याकडे घेऊन जाते. मुले गमावलेल्या टिळकांनी आपले दुःख प्रार्थनेत व काव्यात ओतले. सर्वांस कविता साधत नाही. परंतु प्रार्थना सर्वांस साधते, आणि विश्वासू मित्राजवळ बसून मनातले बोलणेही सर्वांस साधते.

लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास टिळकांनीच उत्तेजन दिले, आणि तिच्या काव्याचे त्यांनी कौतुक केले. बापाच्या घरी त्यांनी काव्यप्रेमी आईला कोंडमारा सोसताना पाहिले होते. स्वतःच्या घरी त्यांनी पत्नीच्या वाणीस वाट करून दिली. त्याचे फळ सर्व महाराष्ट्रास मिळाले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते महाकाव्य पूर्ण केले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी पतीचा संताप, विसराळूपणा, उधळेपणा यांपैकी काहीही झाकून ठेवले नाही, आणि तरी साऱ्या पुस्तकात कटुता नाही. ज्या पुरुषाने पत्नीस धाकात ठेवले असते त्याच्याविषयी असे निर्भयपणे व इतक्या प्रेमाने कोणी लिहू शकले नसते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज आरंभिला. तरुणपणीही ते सर्व सोडून निघून जात असत, परंतु तेव्हा मनाची तळमळ त्यांना पळवीत असे. आता प्रभूची हाक ऐकून ते चालत होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले, आणि अस्थी अहमदनगरास आणण्यात आल्या. त्या नगर जिल्ह्यास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. परंतु नावे बदलली तरी घरे तीच आहेत, आणि घरांतील दुःखेही पुष्कळशी तीच आहेत.

म्हणून उपदेशक बंधूंना आमची दोन शब्दांची विनंती आहे. वस्तीतील दारूबाज बंधूस मंडळीदेखत फजीत करून तो सुधारत नाही. त्याच्या घरी जावे, त्याच्या दुःखाची विचारपूस करावी, आणि एकदा गेल्यावर पुन्हापुन्हा जात राहावे. त्याची शपथ मोडली तर आपली आशा मोडू देऊ नये. मात्र दया करताना त्याच्या बायकोमुलांस वाऱ्यावर सोडू नये. मार खाणाऱ्या भगिनीस केवळ सोसावयास सांगणे हा शुभवर्तमानाचा उपदेश नव्हे. तिला आधी सुरक्षित ठिकाणी नेणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. व्यसन हे पाप तसेच एक रोगही आहे, असे वैद्यशास्त्र आज सांगते. फार दिवस पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावरही बेतते. यास्तव अशा बंधूस प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही न्यावे. पुण्यास १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण केंद्रासारख्या ठिकाणी अशा लोकांवर उपचार होतात. तेथे जाण्यात विश्वासाची उणीव नाही. लूक वैद्यच होता.

आणि बंधूंनो, तुम्हां प्रत्येकास एक प्रश्न विचारून आम्ही लेखणी ठेवतो. तुमच्या घरधनिणीने जर उद्या तुमची स्मृतिचित्रे लिहावयास घेतली, तर तीत काय येईल? आरंभीच्या पानांवर संताप येईल, कदाचित बाटलीही येईल. ते आता पुसता येत नाही. टिळकांचीही आरंभीची पाने अशीच होती. परंतु पुढची पाने अजून कोरी आहेत. ज्या प्रभूने करजगावच्या त्या दुखावलेल्या मुलास हळूहळू, वर्षानुवर्षे, एक सौम्य पुरुष केले, तो तुमच्या दारीही उभा आहे. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी त्याच्यापुढे गुडघे टेका, आणि ज्यांना दुखविले आहे त्यांच्यापुढे मान लववा. ही दोन कामे एकाच दिवशी करावीत. त्यांपैकी एक केल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही. प्रभू आमच्या घरांवर दया करो.